वेगाबरोबर वॉट-तासही मोजा

लॅपटॉप घेताना 'प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झचा?' एवढेच विचारणे पुरेसे नाही. वेग वाढवायला बहुधा विभवांतरही वाढवावे लागते, आणि विजेचा खप विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

समजा, एक प्रोसेसर ३० वॉट घेऊन १० मिनिटांत गणित सोडवतो. दुसरा १२ वॉट घेऊन २० मिनिटांत. खर्च अनुक्रमे ५ व ४ वॉट-तास. पण पडदा व इतर भाग आणखी ६ वॉट घेत असतील, तर दोन्हीकडे एकूण ६ वॉट-तास, म्हणजे बरोबरीच! मात्र ४० मिनिटांचा शैक्षणिक चित्रपट वेगवान प्रोसेसरवरही ४० मिनिटेच चालतो. तेथे कमी वॉट घेणाराच सरस.

वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी तासाच्या मध्येच वीज गेली, तर उरलेला पाठ बॅटरीवरच पुरा करावा लागेल. म्हणून आमचे मत असे, की शाळेने खरेदीपूर्वी, पडद्याचा उजेड सारखा ठेवून, एकच पाठ दोन्ही यंत्रांवर चालवून पाहावा. ५० वॉट-तासांची बॅटरी १२ टक्के उतरली, तर खर्च ६ वॉट-तास. हा हिशेब विद्यार्थ्यांनीच मांडावा. शाळेचा पैसा जाहिरातीवर नव्हे, मोजमापावर विसंबून खर्च व्हावा.