पडद्यावर बेने इस्रायल दिसतात, त्यांची मराठी मात्र ऐकू येत नाही

खंडाळा म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा घाट, बोगदे आणि पावसाळ्यातील गर्दी उभी राहते. महाराष्ट्रातील बेने इस्रायल ज्यूंचे खंडाळा मात्र घाटाखाली, अलिबागजवळ आहे. तेथील खडकावरच्या खुणा एलियाहू हनवी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या रथाच्या व घोड्यांच्या आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. त्या स्थळाला ‘एलियाहू हनवीचा टापा’ असे अस्सल मराठी नाव आहे. नवस फेडण्यासाठी होणाऱ्या मलिदा विधीत हिब्रू प्रार्थना म्हटल्या जातात आणि ताटात पोहे, गूळ, खोबरे व फळे असतात.

अशा समाजाकडे माहितीपटकारांचे लक्ष जाणे स्वाभाविकच होते. सादिया शेपर्ड यांचा ‘इन सर्च ऑफ द बेने इस्रायल’ (२००८) हा आजीच्या मुळांचा शोध आहे. ‘नेक्स्ट इयर इन बॉम्बे’ (२०१०) मध्ये मुंबईत राहावे की इस्रायलला जावे, हा पेच आहे. डॅनी बेन-मोशे यांचा ‘शालोम बॉलीवूड’ (२०१७) सुलोचना, प्रमिला, नादिरा, डेव्हिड या पडद्यावरील ज्यू कलावंतांची कहाणी सांगतो. तिन्ही प्रयत्न प्रामाणिक आहेत. पण बेने इस्रायलांचे मराठी कीर्तन हा यांपैकी एकाचाही मुख्य विषय नाही. ओळखीचा प्रश्न विचारायचा आणि ती ज्या भाषेत गायली गेली ती बाजूला ठेवायची, असा हा विरोधाभास आहे.

हे कीर्तन म्हणजे काय, हे समजण्यास मावळातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. याच तालुक्यातील सुदुंबरे येथे संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. ते तेल्याचा व्यवसाय करणारे, तुकोबांचे टाळकरी. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून वारकरी परंपरा त्यांना ओळखते. कोकणातील बेने इस्रायलही तेलघाणा चालवीत. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. यावरून दोन्ही समाजांचा रक्ताचा संबंध होता असे मुळीच ठरत नाही. मात्र गावगाड्यात एकाच धंद्यावर जगणारी ही माणसे एकाच प्रकारचे कथाकथन व गायन ऐकत होती, हे लक्षात घ्यावे लागेल.

मुंबईत १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी कीर्तनाचा हा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसवली. पदे मराठीत रचली गेली, पुस्तिका छापल्या गेल्या. पुढे ही परंपरा टिकवण्यात स्त्रियांचा वाटा मोठा ठरला. त्याआधी, १८७४ साली, पुण्यात वल्हांडणाच्या सणासाठी हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांतील हगादा छापली गेली होती. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडीत आहेत. धर्म ज्यू आणि वेश, भाषा, चाल मराठी, यात त्या पिढीला काहीच विसंगत वाटले नाही.

विसंगती इतरांना वाटली. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधील रब्बीपीठाने विवाहाच्या प्रश्नात बेने इस्रायलांच्या वंशशुद्धीबद्दल शंका घेतली. मोठी आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये तेथील सरकारला हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. ‘हे खरोखर ज्यू आहेत काय?’ हा प्रश्न परदेशी माहितीपटांत डोकावतो, त्यामागे हा इतिहास आहे. परंतु या प्रश्नाच्या ओझ्याखाली सिनेगॉग, कबरी आणि विमानतळावरील निरोप एवढेच चित्रित होते. गाणे आलेच तर पार्श्वसंगीत म्हणून.

यात तांत्रिक अडचणही आहे. आख्यान रंगायला वेळ लागतो. तासाभराच्या माहितीपटात त्याला फार तर काही क्षण मिळतात. मराठी न जाणणारा संकलक पद कोठे तोडावे हे चेहरा पाहून ठरवणार. इंग्रजी उपशीर्षकात योसेफाच्या भावांची गोष्ट पोहोचते. ती पंढरीच्या आख्यानाच्या वळणाने सांगितली जात आहे, हे पोहोचत नाही. ते मराठी कानालाच कळते, आणि मराठी प्रेक्षक या चित्रपटांच्या हिशेबातच नाही.

भारतात आता या समाजाचे काही हजार लोकच उरले आहेत. बहुसंख्य इस्रायलमध्ये आहेत. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक वर्षानुवर्षे काढले गेले, तरी नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे. पदे पाठ असणाऱ्या आजींचे वय पाहता मुलाखतीचे तुकडे गोळा करण्यापेक्षा एक आख्यान आरंभापासून आरतीपर्यंत, न तोडता, मराठी मथळ्यांसह ध्वनिचित्रित करणे अधिक तातडीचे आहे. त्यासाठी परदेशी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे, चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालयही पुण्यातच आहे. आणि कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी कानाने ओळखणारी माणसे मावळातल्या कोणत्याही सप्ताहात भेटतात.