गावाला जाताय? शूज टाका बॅगेत!

वर्षभर सगळं एकदम सेट असतं. सोसायटीच्या गेटपासून टेकडी, टेकडीवरून खाली अमृततुल्य, रविवारी ग्रुपबरोबर दहा-बारा किलोमीटर. मग येते दिवाळी, नाहीतर गावची जत्रा. तुम्ही चार-आठ दिवस गावाला जाता आणि शूज इकडंच शू-रॅकमध्ये राहतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘अगं, गावात कुठं पळणार?’

बॉस, गावातच तर पळणार! फक्त जागा माहिती हव्यात. मी माझ्या आजोळचं सांगते, म्हणजे फलटण तालुक्यातलं. तुमचं गाव विदर्भात असेल तर कॅनॉलच्या जागी तलावाचा बांध समजा. कोकणात असेल तर चढ तुमच्या पाचवीलाच पुजलेले आहेत, त्याला माझा इलाज नाही.

एक नंबर जागा म्हणजे कॅनॉलचा रस्ता. आमच्याकडं नीरा उजवा कालवा आहे, आणि नदीपलीकडं बारामतीच्या बाजूला नीरा डावा, ब्रिटिशांनी १८८०च्या दशकात काढलेला. कालव्यातलं पाणी पंपाशिवाय, आपल्या आपण वाहत जातं. म्हणून तो टेकाडांना वळसे घालत, उंची सांभाळत काढतात आणि त्याला उतार इतका हलका देतात की आपल्या पायाला कळतही नाही. त्याच्या कडेनं खात्याच्या जीपसाठी जो मुरमाचा रस्ता असतो, तो म्हणजे आपल्याला फुकटचा ट्रॅक. मैलोन् मैल सपाट, डांबरापेक्षा गुडघ्यांना मऊ, आणि सिग्नल शून्य! आवर्तन चालू असेल तर शेजारून भरून वाहणारं पाणी आणि गार वारा. जिमच्या ट्रेडमिलसमोरच्या टीव्हीत काय आहे मग?

फक्त काठाला चिकटून पळू नका, आणि तोंड धुवायलाही खाली उतरू नका. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू शेवाळानं घसरडी असते, धरायला काही नसतं आणि वरून संथ दिसणारं पाणी आत जोरात ओढतं. पोहता येणाराही बाहेर येईलच असं नाही.

पावसाळ्यात मात्र कॅनॉल विसरा. काळी माती शूजला चिकटायला लागली की दहा पावलांत प्रत्येक पाय किलोभर जड होतो. तेव्हा गावातून वस्त्यांकडं जाणारा डांबरी रस्ता बरा. तिथं तुम्हाला भेटतील वस्तीवरची कुत्री. पळ काढलात तर मागं लागणार हे नक्की. थांबा, खाली वाका, दगड उचलल्याचं नाटक करा. नव्वद टक्के काम तिथंच होतं, उरलेल्या दहाला मालकाला हाक मारायची.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम. कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून निघतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागं लाल दिवा तर सोडाच, साधा रिफ्लेक्टर नसतो. त्यामुळं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडनं पळायचं आणि कानातले हेडफोन घरी ठेवायचे. तुमचं आजोळ जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं असेल तर आणखी एक. तिथल्या उसात बिबटे असतात. अंधारात आणि एकट्यानं उसाच्या कडेनं पळायची हौस करू नका. चांगलं उजाडू द्या, बरोबर कुणीतरी घ्या.

राहता राहिला पालखी मार्ग. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आमच्याच भागातून पंढरपूरला जाते, आणि तो रस्ता आता मोठा, गुळगुळीत झालाय. बघूनच पाय शिवशिवतात. पण गाड्या तिथं सुसाट असतात, म्हणून माझ्या यादीत तो नाही. गंमत म्हणजे याच वाटेवर रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाही पळतात, साठीच्या आज्यासुद्धा! तेव्हा त्यांना कुणी काही विचारत नाही. मी सकाळी सहा वाजता ट्रॅक पँटमध्ये निघाले की मात्र पहिल्याच कट्ट्यावरून हाक येते, ‘काय झालं गं पोरी? कुनी गेलं का?’

गावात बाईमाणूस पळतंय म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय. (शॉर्ट्सचं विचारू नका. मी गावात घालत नाही. घालावी की नाही यावर वाद जरूर घाला, मला तेवढ्या वेळात पाच किलोमीटर होतात.) आपण पाहुणे, आठ दिवसांनी निघून जातो. तिथंच राहणाऱ्या मुलीनं काय करायचं?

माझी मामेबहीण पोलीस भरतीची तयारी करतेय. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० एकट्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदानीत निम्मे गुण मिळाले तरच पुढं लेखीचा विषय. म्हणजे आपल्याला पळणं म्हणजे कॅलरी, तिला नोकरी. आणि ८०० मीटर कॅनॉलवर मोजता येत नाहीत, मातीचा आखलेला ट्रॅक लागतो. गावात शाळेचं मैदान आहे. पण दोन वर्षांपूर्वी कंपाउंड झालं, गेट बसलं आणि गेटला कुलूप लागलं. मग ती आणि तिच्या तीन मैत्रिणी पहाटे साडेचारला हायवेच्या कडेनं पळायच्या. मामा मागून मोटरसायकलवर, हेडलाइट लावून, फर्स्ट गिअरमध्ये. रस्ता दिसावा म्हणून, आणि मागून येणाऱ्या ट्रकला या पोरी दिसाव्यात म्हणूनही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे वाहनानं उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. मामाला ते जमत नाही.

आता गंमत ऐका. त्याच गावात ग्रामपंचायतीसमोर ओपन जिम आहे! हिरवी-पिवळी यंत्रं, एकावर कपडे वाळत असतात, दुसऱ्यावर दुपारी पोरं झोके घेतात. त्या पैशात मुरूम टाकून, रोलर फिरवून दोनशे मीटरची गोल धावपट्टी झाली असती की नाही, तुम्हीच सांगा.

पलीकडच्या माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. तिथल्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावल्या, दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची फायनल गाठणारी बत्तीस वर्षांतली पहिली भारतीय महिला! माण म्हणजे दुष्काळी भाग. आमच्या गावात सत्काराच्या प्रत्येक भाषणात त्यांचं नाव येतं. कुलपाचं कधी येत नव्हतं.

ते काढलं शेवटी या चार पोरींच्या आयांनीच. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत चौघी उभ्या राहिल्या. मैदान पहाटे उघडा, एवढंच मागणं. शाळेचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, पोरं येऊन दंगा करतील, चावी कुणाकडं ठेवायची, असं तासभर चाललं. मग एकीनं विचारलं, गावात पहाटे पाचला रोज न चुकता काय उघडतं? डेअरी!

तेव्हापासून चावी दूध डेअरीत, वजनकाट्यामागच्या खिळ्याला असते. मामा हल्ली सहापर्यंत झोपतो. मैदानाच्या आठ फेऱ्या म्हणजे साधारण दीड किलोमीटर, पायाखाली माती एकदम छान. या दिवाळीत मीही तिथंच पळणारेय. तुमच्या गावात असं कुलूप असेल तर आधी डेअरी किती वाजता उघडते ते बघून या. आणि आमच्याकडं आलात तर चावी सहाच्या आत परत करा, नंतर काट्यावर दुधाच्या किटल्यांची रांग लागते आणि काका ओरडतात.