वैद्याची दिनचर्या

काही महिन्यांपूर्वी अम्लपित्ताच्या एका वृद्ध रुग्णास आम्ही पथ्यापथ्य समजावून देत होतो. जेवणाची वेळ चुकवू नका, भूक मारू नका, जेवताना चित्त जेवणातच असू द्या. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहून विचारले, "वैद्यराज, आपले जेवण झाले का?" दुपारचे तीन वाजून गेले होते. डबा टेबलाखाली तसाच होता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना लागू पडेल. चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी क्षुधा, तृष्णा, मूत्र आणि निद्रा हे वेग आपण गर्दीच्या दिवसांत सर्रास अडवतो. आणि जे धारण करावयाचे, त्या क्रोधलोभादिकांना मात्र मोकळीक देतो. जाणत असूनही तसे न वागणे हा प्रज्ञापराधच होय. तो रुग्णाच्या बाबतीत आपल्याला चटकन दिसतो, स्वतःच्या बाबतीत दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद व्याधी म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. थकवा, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची तीन लक्षणे. यावरील एक उपाय आपल्या संहितेत वैद्यवृत्तीच्या रूपाने आहे. मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि मृत्यूच्या वाटेला लागलेल्याविषयी उपेक्षा. येथे उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे. जे आपल्या हाती नाही त्याचा भार मनावर न वाहणे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. असा भार रोज घरी नेणारा वैद्य दुसऱ्या दिवशीच्या रुग्णाला कारुण्य कोठून देणार?

हल्ली 'माइंडफुलनेस'चा बोलबाला आहे. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानपरंपरेच्या आधारे तणावनिवारणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यातून हा शब्द वैद्यकात रुळला. "हे सारे आमचेच" असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु आहारविधीत तन्मन होऊन, न बोलता, न हसता जेवावे असे सांगितले आहे, ते आपण पाळतो का, हे विचारण्याचे कारण निश्चित आहे. नाडीवर बोटे ठेवलेली असताना भ्रमणध्वनी कानाशी असेल, तर ती नाडीपरीक्षा कसली?

कृतज्ञतेविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वसार पुरुषाच्या लक्षणांत 'कृतज्ञ' हे लक्षण आले आहे. म्हणजे ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून मनोबलाची खूण आहे. मात्र ती गुरुपौर्णिमेच्या हारतुऱ्यांपुरती उरू नये. आपल्या बरणीतील बाळहिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून आदिवासी बंधुभगिनी गोळा करतात. खलात औषध घोटणारे आणि पुड्या बांधणारे हात तर आपल्या डोळ्यांसमोर असतात. औषधनिर्मात्यांनी संकलकास रास्त दर व वेळेवर रोख रक्कम द्यावी, आणि वैद्याने मदतनीसास जेवणाची सुट्टी द्यावी. कृतज्ञता व्यवहारात उतरते ती अशी. स्वास्थ्याच्या नावाने नवी चूर्णे बाजारात आणणे सोपे आहे; आचाररसायन बाटलीत भरता येत नाही.

मोठे संकल्प टिकत नाहीत, हे आपण रुग्णांना सांगतच असतो. म्हणून सुरुवात अल्प असावी. दुपारी ठरलेल्या वेळी अर्धा तास चिकित्सालयाचे दार बंद ठेवावे आणि तशी पाटी बाहेर लावावी. दोन रुग्णांमध्ये चार श्वास शांत बसावे. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी ज्यांनी आपले काम सुकर केले, त्यांचे स्मरण करावे.

आमच्या दारावर पाटी लागली आहे. प्रारंभी दोघे-तिघे रुग्ण कुरकुरले. ते वृद्ध गृहस्थ मात्र पाटी वाचून हसले आणि बाहेरच्या बाकावर निवांत बसून राहिले.