निबंध वाचणार कोण?

बी.ए.च्या मुलांना हल्ली महाविद्यालयात सर्रास सांगितलं जातं, की इंग्रजी निबंधलेखन आणि साहित्यकृतींचं विश्लेषण हा पेपर 'स्वयम्'वर ऑनलाइन करून टाका, क्रेडिट मिळतील. 'करून टाका' हे शब्द नीट ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली 'स्वयम्'वरून 20 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घ्यायची मुभा दिली आणि 2021 च्या नियमांनी ती एका सत्रातल्या 40 टक्के अभ्यासक्रमांपर्यंत नेली. मुभा म्हणून यात वाईट काही नाही. पण ग्रामीण महाविद्यालयात इंग्रजीच्या जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावरचा माणूस सहा महिने येतो आणि निघून जातो. तिथे ही मुभा कशासाठी वापरली जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. रिकामी जागा भरायची नाही, मुलाच्या हातात लिंक द्यायची. वर म्हणायचं, आयआयटीचा प्राध्यापक तुमच्या झोपडीत आणून दिला.

आधी माझी भूमिका सांगतो, म्हणजे गैरसमज नको. हा विषय आपल्या मुलामुलींनी घेतलाच पाहिजे. ऑनलाइन मिळत असेल तर ऑनलाइन घ्यावा. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. लिहायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने लिहिलेलं कुणीही वाचत नसेल, तर तो अभ्यासक्रम नाही, ती फसवणूक आहे. आणि ती फसवणूक ज्यांच्या घरात लिहिलेलं वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही, त्यांची सगळ्यात जास्त होते.

आपल्याच चळवळीतले काही कार्यकर्ते यावर खांदे उडवतात. 'कविता-कथांचं विश्लेषण करून पोट भरतं का? पोरांना एमपीएससी करू द्या.' बरं, एमपीएससीच घेऊ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. हा बदल आयोगाने 2022 साली जाहीर केला, 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग अंमलबजावणी 2025 वर गेली. नव्या रचनेत निबंधाचा स्वतंत्र पेपर 250 गुणांचा आहे. भाषेचे दोन पेपर, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन, सगळं हाताने लिहून द्यायचं आहे. पर्यायांचे गोल काळे करत वाढलेल्या पिढीला आपण दोन वर्षं जास्त मागून घेतली, ठीक. त्या दोन वर्षांत लिहायला किती जण शिकले? पेठेतल्या क्लासची हजारोंची फी ज्याला परवडली, त्याचे निबंध कुणीतरी तपासून दिले. बाकीच्यांनी यूट्यूबवर 'निबंध कसा लिहावा' पाहिलं.

पण एमपीएससी हे छोटं कारण झालं. मोठं कारण आपल्या इतिहासात आहे, आणि त्याकडे आपण या नजरेने कधी पाहतच नाही.

मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये 1855 साली दोन अंकांत छापून आला. आपण दर वर्षी त्याचं स्मरण करतो, पोस्टर करतो. पण तो काय होता? फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदाएक वर्षांच्या मुलीने लिहिलेला शाळकरी निबंध होता. आणि त्यात नुसता आक्रोश नाही, युक्तिवाद आहे. वेद ही आमचीच मत्ता, असं ब्राह्मण म्हणतात, हा समोरच्याचा दावा ती आधी जसाच्या तसा मान्य करून घेते. मग त्याचा निष्कर्ष त्याच्याच गळ्यात घालते: तसं असेल तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, आणि ग्रंथ नाही तर आम्ही धर्मरहित ठरतो. आज महाविद्यालयात ज्याला 'प्रतिपक्षाचा दावा तपासणे' म्हणून शिकवतात, ते तिने तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या शिक्षणावर केलं. तिच्याकडे एक गोष्ट होती: ते वाचणारे शिक्षक, आणि ते छापणारा अंक.

बाबासाहेबांचंही पाहा. 'कास्ट्स इन इंडिया' आपण ग्रंथ म्हणून पूजतो. तो मुळात विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला पेपर आहे. 9 मे 1916, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा परिसंवाद, आणि वाचणारा पंचवीस वर्षांचा. त्याची बांधणी बघा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या. प्रत्येकीत काय बरोबर, काय सुटलं ते दाखवलं. मग त्यातून स्वतःचा मुद्दा काढला, की जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. आणि शेवटी सांगितलं, की हे चुकीचं सिद्ध झालं तर मी सोडून द्यायला तयार आहे. कंपोझिशनच्या कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमाला याच्यापेक्षा बरा नमुना सापडणार नाही. पण तो पेपर ऐकायला माणसं बसली होती. प्रश्न विचारायला बसली होती. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

आता आपल्या मुलासमोर काय आहे ते बघू. 'स्वयम्'वरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम घ्या. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम, दर आठवड्याला एक असाइनमेंट. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात, त्यांना 25 टक्के वजन. उरलेले 75 टक्के केंद्रावरच्या परीक्षेला. व्याख्यानं बहुतेक वेळा चांगली असतात, ते नाकारायचं कारण नाही. पण असाइनमेंट म्हणजे बहुतेक ठिकाणी पर्याय निवडायचे प्रश्न. उत्तर यंत्र तपासतं, कारण हजारोंचे निबंध वाचायला माणसं नेमलेली नाहीत.

कवितेवर पर्यायी प्रश्न कसा असतो याची कल्पना करा. कवितेतून व्यक्त होणारा प्रमुख भाव कोणता? अ, करुणा. ब, क्रोध. क, निराशा. ड, वरीलपैकी सर्व. वस्तीत वाढलेल्या मुलीला त्या कवितेत थट्टा दिसली, मालकाला न कळेल अशी केलेली थट्टा, तर तिने काय करायचं? तिच्या वाचनासाठी गोलच नाही. ती 'करुणा' काळी करते आणि गुण घेते. एकदा, दोनदा, बारा आठवडे. सत्र संपेपर्यंत ती शिकते काय, तर आपल्याबद्दल लिहिलेलं वाचताना आपल्याला जे दिसतं ते चूक आणि उत्तरसूची बनवणाऱ्याला जे दिसतं ते बरोबर. आपल्याकडे शास्त्राचा अर्थ कुणी लावायचा यावरच सगळी व्यवस्था उभी होती. उत्तरसूची हे त्याचं नवं, दिसायला निरुपद्रवी रूप आहे. ती बनवणारा प्राध्यापक सज्जन असेल, पुरोगामी असेल, त्याने फरक पडत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' 1996 साली लिहिलं ते याच कारणाने. सत्य-शिव-सुंदराच्या जुन्या फूटपट्टीने आपलं साहित्य मोजता येत नाही, असं त्यांनी मांडलं. पण ही मांडणी परिच्छेदांत करावी लागते, उदाहरणं देऊन करावी लागते. चारातला एक पर्याय निवडून नवी फूटपट्टी तयार होत नसते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला 1972 मध्ये विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यांनाही त्यातले कितीतरी शब्द आधी समजून घ्यावे लागले. नावाजलेला लेखक कवीसमोर विद्यार्थी झाला. यंत्र तसं होणार नाही.

'लिहिलेलं वाचायला माणूस हवा' ही मागणी काही जणांना हट्ट वाटेल. म्हणून एक उदाहरण बाहेरचं. बाबासाहेब शिकले त्या कोलंबियापासून पायी अर्ध्या तासाच्या आत, हार्लेममध्ये सिटी कॉलेज आहे. 1969 साली तिथल्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेज ताब्यात घेतलं, आणि 1970 पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाचे दरवाजे शहरातल्या सगळ्या शालान्त उत्तीर्णांना उघडले. ओरड ठरलेलीच होती: दर्जा घसरला, यांना वाक्य लिहिता येत नाही. मीना शॉनेसी या प्राध्यापिकेने ओरडणाऱ्यांत सामील न होता सुमारे चार हजार प्रवेश-निबंध वाचून काढले आणि 1977 साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं साधं होतं. या चुका मठ्ठपणाच्या नाहीत, त्यांना तर्क आहे, आणि तो तर्क ओळखला तर शिकवता येतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर, मुलगा इंग्रजीत 'आय डिड नॉट वेन्ट' लिहितो. शहरी वर्ग हसतो. पण त्या मुलाला भूतकाळ कळला आहे, उलट तो त्याने एकाऐवजी दोन ठिकाणी लावला आहे. हे वाचणाऱ्या माणसाने सांगितलं तर पाच मिनिटांचं काम. लाल रेघ मारली तर आयुष्यभराची लाज. आणि कुणी वाचलंच नाही, तर चूकही तशीच आणि लाजही तशीच.

तिकडच्याच कंपोझिशन शिक्षकांच्या संघटनेने 1974 साली ठराव केला, की विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. त्याच संघटनेची शिफारस आहे, की लेखनाच्या एका वर्गात वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, शक्यतो पंधराच. कारण उघड आहे. शिक्षकाला प्रत्येकाचं वाचायचं असतं. अमेरिका काही समतेचा स्वर्ग नाही, हे मला कुणी सांगायला नको. तिथेही हे शिकवणारे बरेचसे कंत्राटीच आहेत. पण संख्या कमी का हवी, याचं कारण तिथल्या विद्यार्थ्यासारखंच आपल्या विद्यार्थ्यालाही लागू आहे.

कुणी म्हणेल, आता चॅटजीपीटी आहे की, तो वाचतो, सुधारून देतो. देतो खरा. व्याकरण नीट करायला जरूर वापरा. पण तो 'माझ्या आजीला पाटलाच्या विहिरीवर' असं सुरू होणारं वाक्य घेतो आणि 'ग्रामीण भागातील सामाजिक विषमता' असं गुळगुळीत करून परत देतो. आजी गेली, विहीर गेली, पाटील तर सर्वांत आधी गेला. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना भाषणातला काही मजकूर बदलायला सांगितला. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि भाषण स्वखर्चाने छापलं. कुठली दुरुस्ती स्वीकारायची आणि कुठला स्वल्पविराम सोडायचा नाही, हे ज्याला कळतं तोच लेखक. ते कळायला आधी स्वतःचं वाक्य स्वतः लिहिलेलं असावं लागतं.

ऑनलाइनलाच विरोध करणाऱ्यांशीही मी सहमत नाही. घरकाम करून, लहान भावंडं सांभाळून, रात्री अकराला वडिलांचा फोन हातात आल्यावर शिकणारी मुलगी आहे. तिला 'वर्गातच ये' म्हणणं म्हणजे 'शिकू नको' म्हणणं. दूरशिक्षणात वाचणारा माणूस ठेवता येत नाही, हेही खोटं आहे. इग्नू 1985 ची, पोस्टाच्या जमान्यातली. तिच्या रचनेत लेखी स्वाध्याय आहेत, ते तपासनीसाने वाचून त्यावर शेरे लिहून परत करायचे, आणि त्यांना साधारण 30 टक्के वजन. प्रत्यक्षात बऱ्याच वह्यांवर नुसती बरोबरची खूण येते, हा भाग वेगळा. पण कल्पना तरी होती, की समासात कुणीतरी काहीतरी लिहील. टपालाने जे शक्य होतं ते फायबर केबलने अशक्य कसं झालं?

म्हणून मागणी नेमकी करू. ज्या अभ्यासक्रमाच्या नावात लेखन किंवा विश्लेषण आहे, त्यात विद्यार्थ्याचे किमान दोन निबंध माणसाने वाचलेच पाहिजेत, शेरे लिहून परत दिले पाहिजेत, आणि त्या शेऱ्यांवर पुन्हा लिहायची संधी मिळाली पाहिजे. त्याशिवाय विद्यापीठाने त्याचे क्रेडिट धरू नयेत. महाविद्यालय 'स्वयम्'चे क्रेडिट देणार असेल तर त्या विषयाचा वाचणारा शिक्षक नेमून द्यावा, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला या वाचनाचे पैसे द्यावेत. अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघात आपण पॅनल उभी करतो, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीवर तिथे आवाज उठतो, उठलाच पाहिजे. पण अभ्यासमंडळात काय चाललंय याची आपल्या किती संघटनांना खबर असते? यादीत बेबी कांबळे, बाबुराव बागूल आले म्हणून समाधान मानायचं आणि त्यांच्यावर मुलांनी काय लिहिलं हे कुणी विचारायचंच नाही, हे पुरे झालं.

आणि विद्यापीठ ऐकेपर्यंत थांबायचं कारण नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर चार जण बसू शकतात. एकाने दोन पानं लिहून आणायची, मोठ्याने वाचायची. बाकी तिघांनी 'छान आहे, भावा' म्हणायला बंदी. प्रत्येकाने एकच सांगायचं: मला इथे पटलं नाही, कारण हे. किंवा, इथे तू नेमकं काय म्हणतोस ते कळलं नाही. पुढच्या रविवारी तीच दोन पानं पुन्हा, दुरुस्त करून. सुरुवातीला मराठीत, मग इंग्रजीत. आपल्यातले जे प्राध्यापक झाले, पत्रकार झाले, वकील झाले, त्यांनी जयंतीला भाषण करण्याऐवजी वर्षातून दहा मुलांचे निबंध पेन हातात घेऊन वाचावेत. भाषणाला पाहुणे पुष्कळ मिळतात.