उरलेल्यांची पंगत

बारावीचा निकाल लागला म्हणजे पनवेलच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक संवाद ऐकूं येतो. "काय घेतलें हो मुलानें?" "इंजिनियरिंग मिळालें असतें तर प्रश्नच नव्हता. पण मार्कांनीं दगा दिला, म्हणून बी.एस्सी.ला घातला." यांतील ‘घातला’ हें क्रियापद मोठें बोलकें आहे. अवेळीं आलेल्या पाहुण्यास उरल्यासुरल्या अन्नावर बसवावें, तसा हा मुलगा पदार्थविज्ञानाच्या पानावर बसविला जातो. आणि जो आपण होऊन तेथें बसूं इच्छितो, त्याच्याकडे घरचीं माणसें चिंतेनें पाहूं लागतात.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारीं हाच प्रसंग घडला. मुलगी हुशार, इंजिनियरिंगला प्रवेश मिळण्याइतके गुण तिच्या पदरीं होते. "मला फिजिक्सच शिकायचें आहे," असें तिनें म्हणतांच आईच्या डोळ्यांस पाणी आलें, वडिलांनीं अबोला धरला, आणि पुण्याच्या मामांचा सल्ला फोनवरून मागविण्यांत आला. "शेवटीं शाळेंत मास्तरीणच होणार ना?" हें मामांचें मत. (मास्तरीण होण्यांत कमीपणा कसला, हें त्यांस कोणी विचारलें नाहीं.)

गंमत अशी कीं ज्या नवीन पनवेलमध्यें हा खल चालला होता, तेथेंच कळंबोलीच्या हमरस्त्यानजीक भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें मुख्य ठाणें आहे. आमच्यांतील किती जणांस तें ठाऊक आहे? पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून होऊं लागली. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाच्या वेळीं तेथें घेतलेली नोंद जगांतील अभ्यासक आजही बाहेर काढून तपासतात. पुढें मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें चुंबकसूची बिघडणार हें ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनीं १९०४ मध्यें तें काम अलिबागेस हलविलें. आणि नव्याजुन्याचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजणी चालू ठेविली. ती परंपरा आज याच संस्थेच्या हातीं आहे. अशा कामास माणसें कोठून यावयाचीं? तीं कोणत्या तरी घरांतून, आईबापांच्या संमतीनेंच यावयाचीं ना?

"आधीं इंजिनियर होऊं द्या, मग फिजिक्स शिकेना का!" ही व्यवहारी मंडळींची तोड. तिला होमी भाभांचा दाखला जोडण्यांत येतो. दाखला खरा आहे. होमीनें इंजिनियर होऊन जमशेदपूरच्या पोलादी कारखान्यांत यावें अशी वडिलांची व दोराबजी टाटांची इच्छा होती. १९३० मध्यें त्यानें केंब्रिजची यांत्रिकशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत दिली आणि मगच वडिलांकडून गणिताकडे वळण्याची मोकळीक मिळविली. पण त्या घराला मुलास केंब्रिजमध्यें आणखी दोन वर्षें ठेवणें जड नव्हतें. पनवेलचा पगारदार बाप इंजिनियरिंगची फी कर्ज काढून भरतो. कर्ज फिटेपर्यंत मुलीनें भूचुंबकत्वाचें नांव काढूं नये हें ओघानेंच आलें.

पोटापाण्याची शंका मात्र खोटी नाहीं. नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर संसार चालेल अशी थाप आम्ही मारणार नाहीं. हा मार्ग लांबचा आहे, एम.एस्सी. आणि बहुधा त्याहीपुढें जावें लागतें. परंतु लांबच्या वाटेला निघणाऱ्यास वाटा तरी दाखवाव्यात! २०२० च्या शैक्षणिक धोरणानें पदवीस चौथें वर्ष जोडण्याची सोय झाली आहे. पुण्यास ‘आयसर’ २००६ पासून आहे. लोकलनें कुर्ल्यास उतरून गांठतां येईल अशा कालिन्यास, मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनीं २००७ मध्यें काढलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रांत सलग पांच वर्षांचा एम.एस्सी. आहे; त्यासाठीं ‘नेस्ट’ परीक्षा द्यावी लागते. घराजवळच्या महाविद्यालयांतून साधी बी.एस्सी. केली तरी पुढें ‘जॅम’ देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जातां येतें; टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षाही देतां येते. क्लासचे फलक गल्लोगल्लीं लागले आहेत, त्यांवर यांतलें काय लिहिलेलें असतें?

महाविद्यालयांसही एक शब्द सुनावला पाहिजे. प्रयोगवही शेजाऱ्याची पाहून उतरावयाची आणि लंबकाचें उत्तर पुस्तकांतल्या आंकड्याशीं जुळेपर्यंत निरीक्षणें मुरडावयाचीं, ही चाल कोणा एका संस्थेची नव्हे, सर्वत्रचीच आहे. दोन ठिकाणीं दोन वर्षें मोजून ताळा पाहणाऱ्या मूसांच्या या मुलखांत ती चालावी याची लाज वाटते. पंगत उरलेल्यांची आहे असें वाढप्यांनींच मानलें, तर पानांत काय पडणार!

शेजारच्या मुलीचा फॉर्म अखेर कॉम्प्युटर इंजिनियरिंगचा भरला गेला. "दोन वर्षें जाऊं द्या, मग पाहूं," असें तिचे वडील आम्हांस म्हणाले. गृहस्थ सज्जन आहेत. पण यांतील कांहीं दरवाजे बारावीनंतर फार काळ उघडे राहत नाहींत, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें. आणि आम्हीं सांगितलें तेव्हां पहिल्या वर्षाची फी भरून झाली होती.