मेवाडचा मालक कैलासपुरीत

उदयपूरपेक्षा पिछोला तलाव जुना आहे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांध घालून हे पाणी अडवले असे सांगतात. महाराणा उदयसिंह दुसरे यांनी १५५९च्या सुमारास काठावर शहर वसवले आणि तलावही वाढवला. १५६८मध्ये चित्तोड अकबराच्या हाती गेल्यावर अरवलीच्या कुशीतले हे गाव मेवाडची राजधानी झाले. तलाव भरतो तो पावसावर. सलग दुष्काळ पडला की तळ उघडा पडतो आणि बेटावरच्या जगनिवासाचा, म्हणजे आताच्या आलिशान हॉटेलचा, सगळा तोरा उतरतो.

राजवाड्यापासून चार पावलांवर, भर बाजारात जगदीश मंदिर आहे. महाराणा जगतसिंह पहिले यांनी ते १६५१मध्ये बांधून पूर्ण केले. उंच जोत्यावरचे हे विष्णूचे पंचायतन असून देवासमोर पितळी गरुड आहे. भिंतींवर हत्ती, घोडे आणि नर्तकींचे थर आहेत.

मेवाडची खरी सत्ता मात्र शहरापासून बावीसेक किलोमीटर उत्तरेला, कैलासपुरीत आहे. तिथला एकलिंगजी हा राज्याचा धनी आणि महाराणा त्याचा दिवाण, अशी ही व्यवस्था. ती नुसती शोभेची नव्हती. राज्यकारभार देवाच्या नावाने चाले आणि महाराणा दर सोमवारी दर्शनाला जात. देवस्थान बाप्पा रावळाने स्थापल्याची परंपरा आहे. आजचे मुख्य मंदिर पंधराव्या शतकात महाराणा रायमल यांनी उभारले. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाचे चतुर्मुख शिवलिंग आहे. कोटाच्या आत लहानमोठ्या देवळांची दाटी आहे. त्यातल्या लकुलीश मंदिरात ९७१चा शिलालेख आहे. भोसले घराणे आपले मूळ मेवाडच्या याच सिसोदिया राजघराण्याशी जोडत असल्याने मराठी माणसाला हे स्थान अगदीच परके वाटत नाही.

जवळच नागदा आहे, मेवाडच्या गुहिल राजांची जुनी राजधानी. तलावाकाठची सास-बहू देवळे दहाव्या-अकराव्या शतकातली, विष्णूची. पूजाअर्चा थांबलेली असल्याने तिथली तोरणे आणि मंडपाची कोरीव छते निवांत पाहता येतात. घाईत पाहणारे बहुतेक जण नागदा वगळतात, आणि चुकतात.

त्याच रस्त्याने पुढे नाथद्वारा लागते. औरंगजेबाच्या काळात गोवर्धनहून हलवलेल्या श्रीनाथजींना, म्हणजे कृष्णाच्या मूर्तीला, महाराणा राजसिंह यांनी आसरा दिला. सिहाड गावी गाड्याचे चाक रुतले, तिथेच देव राहिला, अशी कथा आहे. १६७२पासून मूर्ती इथेच आहे. वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गात देव बालरूपात असतो, म्हणून त्याचे निवासस्थान शिखराचे देऊळ नसून हवेली आहे. मंगला ते शयन अशी दिवसात आठ दर्शने होतात आणि मधल्या वेळात दार बंद असते. मूर्तीमागे लावायच्या पिछवाया रंगवणारे चित्रकार आजही गावात काम करतात. एकलिंगजीचे दारही दुपारी बंद होते. त्यामुळे दोन्ही देवळे एका दिवसात करायची, तर वेळा आधी विचारून मगच उदयपूरहून निघावे.