इंद्रियदमन: नियम की फळ?

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांचा आरंभ प्रीतीपासून होतो आणि शेवट, आपल्या जुन्या मराठी भाषांतराचा शब्द योजावयाचा तर, ‘इंद्रियदमन’ ह्या गुणाने होतो. पौलाने येथे ‘फळ’ म्हटले आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. फळ हुकूम केल्याने लागत नाही. त्यास जमीन, पाणी व राखण लागते. दारूस शिवू नये हा नियम आमच्या बहुतेक घरांत मुलांस सांगितला जातो. परंतु त्या नियमास फळ का येत नाही, ह्याचा विचार आईबापांनी व विद्यार्थ्यांनी मिळून करावा असे मला वाटते.

तरुण विचारतात, काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. पौलाने तीमथ्यास प्रकृतीसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. मग आम्हांसच मनाई का? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून दटावून तो मिटवू नये. शास्त्राने पेल्यास पाप म्हटलेले नाही, मद्याने मस्त होण्यास म्हटले आहे. पण आपल्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळत असेल तर ते सोडावे, असेही पौलच रोमकरांस लिहितो. ज्या वस्तीत शेजाऱ्याची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वी गुत्त्यात जाते, त्या वस्तीत माझा पेला माझ्यापुरता राहत नाही. शेजाऱ्याची प्रीती हेच मद्य सोडण्याचे खरे कारण होय, आणि म्हणूनच ती माळ प्रीतीपासून सुरू होते.

कायद्याने हे काम होईल काय? मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा 1949 साली झाला. तो कायदा महाराष्ट्रात आजही आहे, आणि त्याच कायद्याखाली विक्रीचे परवानेही दिले जातात! डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूची दुकाने नसावीत असा निर्णय दिला. पुढे 2017 साली नगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांस त्यातून मोकळीक मिळाली. महामार्गावर वसलेल्या मलकापुरास ह्या निर्णयांचे महत्त्व सांगावयास नको. परंतु दुकान पाचशे मीटर दूर गेले म्हणून पिणाऱ्याची तहान तितकी दूर जात नाही.

तरी कायदा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. झाड लहान असता कुंपण हवेच. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील कटगुण. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या ह्या पुरुषाने नगरपालिकेचा सभासद असता 1880 साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांस लेखी हरकत घेतली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर 1889 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात तेथील स्त्रियांनी मद्यपानाविरुद्ध उभारलेल्या संघटित कार्याचे वर्णन केले. आणि आपल्या जिल्ह्यातील कित्येक गावांच्या स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’स मत देऊन दुकाने बंद करविली आहेत. त्यांनी कुंपण घातले. आतील झाड वाढविणे घराकडे आहे.

घरी मात्र काय दिसते? कित्येक गृहस्थ लेंटचे चाळीस दिवस पेल्यास शिवत नाहीत आणि पुनरुत्थानाचा सण उलटताच राहिलेली कसर भरून काढतात. पूर्वी नळास तासभर पाणी येई तेव्हा आपण हंडे-कळशा भरून ठेवीत असू व दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून तेच ओतून देत असू. चोवीस तास पाणी व प्रत्येक जोडणीस मीटर, ह्या योजनेमुळे मलकापूर देशभर नावाजले गेले. पाणी सदैव आहे आणि आपण किती वापरतो हे डोळ्यांपुढे आहे, तेथे हावरेपणाचे कारणच उरत नाही. संयमाची रीतही हीच. तो चाळीस दिवसांच्या टंचाईने शिकता येत नाही. रोजच्या मोजमापाने शिकावा लागतो.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, हे मोजमाप आजपासूनच करता येईल. रागाने ओठांवर आलेला शब्द गिळणे, नेमलेल्या वेळी मोबाइल खाली ठेवणे, हाती आलेले पैसे लगेच न उडविणे, ही सारी त्याच झाडाची पालवी होय. बाबेलात राजाच्या घरचे मिष्टान्न व द्राक्षारस नाकारणारा दानीएल वयाने तुमच्याएवढाच तरुण होता. सिंहांच्या गुहेचा प्रसंग त्यावर पुष्कळ वर्षांनी आला.

आणि पालकांस एक विनंती. तंबाखूची पुडी किंवा बाटली आणावयास आपल्या मुलास दुकानी पाठवू नये. वर्षातून एकदा शाळेत घेतलेली व्यसनमुक्तीची शपथ त्या एका फेरीत पुसली जाते. मुलगा ऐकतो त्यापेक्षा पाहतो अधिक. त्याच्या दृष्टीस जे पडेल तेच त्याच्या जीवनात फळास येईल.